युरिनरी एलिमिनेशन : पोस्टिंगच्या आदल्या रात्रीची तयारी

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनो, सोमवारपासून मेडिकल वॉर्ड असेल तर रविवारी युनिफॉर्मला इस्त्री करून झाली की एक तास युरिनरी एलिमिनेशनला, म्हणजे पेशंटच्या लघवीच्या विषयाला द्या. आधी वहीचं एक पान मधोमध दुमडा. डावीकडे पेशंटचे शब्द, उजवीकडे चार्टवर लिहायचे. ‘मला डिसयुरिया आहे’ असं कुठलाही पेशंट सांगत नाही, तो म्हणतो ‘उन्हाळी लागलीय’, म्हणजे लघवीला जळजळ होतेय. ‘रात्रीतून चारदा उठते’ म्हणजे नॉक्टुरिया, ‘सारखं जावं लागतं’ म्हणजे फ्रिक्वेन्सी, ‘उभा राहतो पण सुरूच होत नाही’ म्हणजे हेझिटन्सी. लघवी लाल दिसली म्हणून लगेच हिमॅच्युरिया (लघवीतून रक्त) लिहू नका, टीबीच्या गोळ्या चालू आहेत का ते विचारा. रिफॅम्पिसिननेही लघवी नारिंगी-लाल होते.

आकडे मात्र घोकूनच जा. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण दीड लिटर लघवी होते. ४०० मिलीच्या खाली ऑलिग्युरिया, तीन लिटरच्या वर पॉलियुरिया. अॅन्युरियाला काही पुस्तकं १०० च्या खाली म्हणतात, काही ५०. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) आपल्या पुस्तकातला आकडा सांगायचा. वॉर्डात चोवीस तास वाट बघत बसत नाहीत, तिथे तासाचा हिशोब चालतो : वजनाच्या दर किलोमागे अर्धा मिली. म्हणजे साठ किलोच्या पेशंटला तासाला निदान ३०. त्याहून कमी दिसलं तर लघवीची नळी कुठे दुमडलीय का, मांडीखाली दबलीय का ते बघा आणि लगेच सिस्टरांना सांगा.

आता हमखास चुकणारी जागा. अॅन्युरियात लघवी जवळजवळ तयारच होत नाही. रिटेन्शनमध्ये तयार होते, पण मूत्राशयात तुंबून राहते. आउटपुटच्या रकान्यात दोन्हीकडे शून्य दिसू शकतं, म्हणून ओटीपोटावर हात ठेवल्याशिवाय शब्द लिहायचा नाही. मी विद्यार्थिनी असताना एका आजींचं लुगडं सारखं ओलं व्हायचं. मी दोन दिवस ‘इनकॉन्टिनन्स’ (लघवीवर ताबा नसणं) लिहून मॅकिनटॉश (खाटेवरचं रबरी कापड) बदलत राहिले. तिसऱ्या दिवशी राउंडला मॅडमनी माझाच हात धरून आजींच्या बेंबीखाली ठेवला. तिथे नारळासारखं टणक लागलं. कॅथेटर (लघवीची नळी) घातला तर नऊशे मिली निघाली. मूत्राशय काठोकाठ भरून वरचं तेवढं गळत होतं. त्याचं नाव ओव्हरफ्लो इनकॉन्टिनन्स. त्या दोन दिवसांचा चार्ट मी अजून विसरलेले नाही.

इनकॉन्टिनन्सचे बाकीचे प्रकारही पेशंटच्या वाक्यांनीच लक्षात ठेवा. खोकताना, शिंकताना, हंडा उचलताना थोडी होते, ती स्ट्रेस. बाळंतपणं झालेल्या बायका हे सहसा आपणहून सांगत नाहीत, विचारावं लागतं. ‘घाई इतकी की दारापर्यंत पोचत नाही’ ती अर्ज (urge). दोन्ही असेल तर मिक्स्ड. मणक्याच्या दुखापतीनंतर लघवीची भावनाच नसताना आपोआप होते, ती रिफ्लेक्स. आणि फंक्शनलमध्ये मूत्राशयाचं काही बिघडलेलं नसतं : संडास लांब, गुडघे धरलेले, त्यात परकराची गाठ सुटत नाही. या पेशंटला डायपर लावण्याआधी खाटेशेजारी कमोड ठेवता येईल का ते बघा. सोय म्हणून लावलेला डायपर मला पटत नाही; ओल्या कातडीला लाली कधी आली ते कळतही नाही.

कॅथेटरच्या ट्रेची तयारी प्रॅक्टिकलला करून घेतलेली आहेच, टोकाचे रंग तेवढे पुन्हा बघा : चौदा नंबरचा फोली (फुगा असलेला कॅथेटर) हिरवा, सोळाचा नारिंगी. फुग्यात स्टराइल वॉटर, सलाइन नाही. युरोबॅग (लघवी जमा होणारी पिशवी) मूत्राशयाच्या पातळीखाली टांगायची, पण जमिनीला टेकवायची नाही. मामा (वॉर्डबॉय) स्ट्रेचरवर घेताना ती पेशंटच्या पोटावर ठेवतात, तेव्हा उचलायची जबाबदारी तुमची.

खिशात पेन, छोटी वही आणि घड्याळ. पलंगाचा पडदा ओढायला विसरू नका. भर वॉर्डात ‘आजोबा, कपड्यात झाली का?’ असं ओरडून विचारलंत तर चादर ओली असली तरी आजोबा ‘नाही’च म्हणणार.