स्विमिंग पूलचा पंप हवा घेतोय? शिरकाव कुठून होतो ते असं शोधा

पंप सुरू केल्यावर पहिली एक-दोन मिनिटं इनलेटमधून, म्हणजे पूलमध्ये पाणी परत येतं त्या तोंडातून, बुडबुडे आले तर ते साहजिक आहे. लाइनमध्ये आणि फिल्टरमध्ये साठलेली हवा तेव्हा बाहेर पडत असते. पाच मिनिटांनंतरही बुडबुडे थांबत नसतील, पंपाच्या पुढच्या स्ट्रेनरचं (कचरा अडवणाऱ्या जाळीच्या भांड्याचं) पारदर्शक झाकण अर्धंच भरलेलं दिसत असेल आणि फिल्टरवरच्या प्रेशर गेजचा काटा थरथरत असेल, तर पंप हवा घेतोय हे नक्की.

ही हवा जवळजवळ नेहमी पंपाच्या आधी, सक्शनच्या म्हणजे पाणी ओढण्याच्या बाजूने शिरते. पंपाच्या पुढे, डिलिव्हरीच्या बाजूला पाण्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असतो, त्यामुळे तिथे चीर पडली तर पाणी बाहेर गळतं, हवा आत येत नाही. सक्शनकडे पंप ओढत असताना दाब हवेपेक्षा कमी होतो. तिथल्या सैल जोडावर पाण्याचा थेंबही दिसत नाही, पण हवा सतत आत जात राहते. म्हणून ‘कुठेच ओल नाही, मग गळती कुठली?’ असं म्हणून पंपाची मोटर खोलायला घेणं चुकीचं. बुडबुडे सक्शनकडून न येण्याचे नेहमीचे दोन अपवाद आहेत. सॉल्ट क्लोरिनेटर (मिठाच्या पाण्यातून क्लोरिन बनवणारं यंत्र) बसवलेला असेल तर त्यातून हायड्रोजनचे बारीक बुडबुडे येतात, ते चालतात. जकुझी जेटची हवेची चावी उघडी राहिली असेल तर तिथूनही बुडबुडे येतात, ती बंद करून पाहा.

हात लावण्याआधी पंपाचा एमसीबी (विजेच्या बोर्डावरचा मुख्य खटका) खाली करा. नुसता टायमर बंद करून भागत नाही, तो मधेच पंप सुरू करू शकतो. पंप चालू असताना स्किमरच्या (पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या खिडकीच्या) किंवा सक्शनच्या तोंडाजवळ हात किंवा मोकळे केस नेऊ नका. पंप पूलच्या पाण्याच्या पातळीखाली असेल, म्हणजे बऱ्याच सोसायट्यांत असतो तसा तळघरात, तर स्ट्रेनरचं झाकण उघडण्याआधी सक्शन आणि डिलिव्हरी दोन्हींचे व्हॉल्व्ह बंद करा. नाहीतर अख्खी पंपरूम पाण्याने भरेल.

सुरुवात पाण्याच्या पातळीपासून करा. स्किमर असलेल्या पूलमध्ये पाणी स्किमरच्या तोंडाच्या निम्म्यापर्यंत हवं. एप्रिल-मेमध्ये उघड्या पूलचं पाणी रोज अर्धा ते एक सेंटीमीटर सहज उडून जातं. आठवडाभर भर घातली नाही की स्किमर पाण्यासोबत हवा गिळू लागतो. स्किमरची झडप वर अडकली आहे का आणि जाळी पानांनी भरली आहे का, तेही पाहा. जाळी तुंबली की पंप जास्त जोराने ओढतो, आणि एरवी निभावून नेणारे कच्चे जोड त्या ओढीने हवा द्यायला लागतात.

ओव्हरफ्लो पूलमध्ये पाणी काठावरून भोवतालच्या गटारात सांडतं आणि तिथून बॅलन्सिंग टँक नावाच्या टाकीत जमतं. तिथे खरा गुन्हेगार बहुतेक वेळा हीच टाकी असते, आणि तिकडे कोणी बघत नाही. पंप या टाकीतून पाणी ओढतो. सक्शन पाइपच्या तोंडावर किमान अर्धा मीटर पाणी हवं. ते कमी झालं की भोवरा तयार होतो आणि त्याच्या पोकळीतून हवा थेट पाइपात उतरते. टाकीची पातळी दिवसभर बदलत असते. तीस माणसं पूलमध्ये उतरली की प्रत्येकी साधारण ६० लिटर पाणी गटारातून टाकीत येतं. ती बाहेर पडली की तेवढंच, म्हणजे जवळपास १८०० लिटर, पूल भरायला टाकीतून परत जातं. बुडबुडे रोज संध्याकाळी मुलं बाहेर आल्यावरच येत असतील तर पाइपलाइन उकरू नका, टाकीचं झाकण उघडून आत बॅटरी मारा. बॅकवॉशचंही, म्हणजे उलट्या प्रवाहाने फिल्टर धुण्याचंही, तसंच. ताशी १५ घनमीटरचा पंप मिनिटाला २५० लिटर बाहेर टाकतो, तीन मिनिटांत ७५० लिटर गेले. बॅकवॉशआधी टाकी भरून घ्या आणि टाकी भरणारा तरंगत्या गोळ्याचा बॉल व्हॉल्व्ह वेळेत उघडतो का ते तपासा.

पाणी पुरेसं असूनही बॅलन्सिंग टँकमधून हवा येऊ शकते. गटाराचं पाणी उंचावरून धबधब्यासारखं टाकीत पडत असेल आणि सक्शनचं तोंड त्याच कोपऱ्यात असेल, तर पडणाऱ्या पाण्याने ओढून नेलेले बुडबुडे वर येण्याआधीच पाइपात जातात. यावर उपाय स्वस्त आहे. पडणाऱ्या पाइपाला एल्बो लावून तोंड पाण्याखाली न्या, किंवा मध्ये आडवी भिंत घाला.

पातळी ठीक असेल तर मग स्ट्रेनरचं झाकण. टाकी सोडली तर सगळ्यात जास्त वेळा हवा इथूनच येते. झाकणाखालची ओ-रिंग (रबराची गोल कडी) काढून बोटांत फिरवा. चपटी झाली असेल, ताणल्यावर बारीक चिरा दिसत असतील किंवा कडक लागत असेल तर बदला, वळवून पुन्हा बसवण्यात अर्थ नाही. खाचेत वाळूचा एक कण किंवा केसाचा धागा राहिला तरी तेवढं पुरतं. खाच ओल्या फडक्याने पुसा आणि ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. व्हॅसलीन किंवा गाडीचं ग्रीस लावू नका, त्यातल्या पेट्रोलियमने रबर फुगू शकतं आणि ओ-रिंग खाचेतून बाहेर येते. झाकण हाताने घट्ट करा. पान्याने आवळलं तर झाकणालाच केसाएवढी चीर पडते, आणि ती बाहेरून दिसत नाही. स्ट्रेनरच्या तळाशी ड्रेन प्लग असतो, त्याचं वॉशरही विसरू नका. क्लोरिनच्या गोळ्या स्किमरच्या किंवा स्ट्रेनरच्या जाळीत टाकण्याची सवय असेल तर ती मोडा. पंप बंद असताना तिथलं पाणी तीव्र आणि आम्लयुक्त होतं आणि सगळी रबरं आधी तेच खातं.

त्यानंतरचा संशयित म्हणजे पंपात घुसणारा आट्याचा जोड. पंप कधी पाण्याविना चालला असेल तर स्ट्रेनरमधलं पाणी तापतं, प्लास्टिकचे आटे आकसतात आणि जोड सैल होतो. असा जोड नुसता आवळून बसत नाही, अडॅप्टर बदलावा लागतो. नव्या आट्यांवर टेफलॉन टेप घड्याळाच्या दिशेने पाच-सहा वेढे द्या. लोखंडी जीआय पाइपासारखी सुतळी आणि सफेदा इथे वापरू नका, जाड सुतळीमुळे प्लास्टिकचा बाहेरचा आटा फाटतो.

एवढं करूनही बुडबुडे येत असतील तर लाइन वेगळी काढा. पंप चालू ठेवून स्किमरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि फक्त मेन ड्रेनवर, म्हणजे पूलच्या तळाच्या तोंडावर, पाच मिनिटं चालवा. बुडबुडे थांबले तर दोष स्किमरच्या लाइनमध्ये आहे. थांबले नाहीत तर उलटं करा, मग व्हॅक्युम पॉइंट (तळ साफ करायचा पाइप जोडतात ते भिंतीतलं तोंड) तपासा. त्याचं झाकण सैल असणं हे फार नेहमीचं कारण आहे. सगळे व्हॉल्व्ह एकाच वेळी कधीही बंद करू नका. कुठलाही व्हॉल्व्ह बंद केला तरी बुडबुडे तसेच येत असतील तर दोष व्हॉल्व्ह आणि पंप यांच्यामधल्या सामाईक भागात आहे: युनियनची (उघडता येणाऱ्या जोडाची) ओ-रिंग, व्हॉल्व्हच्या दांड्याची सील, नाहीतर एखादा कच्चा सॉल्व्हेंट (सोल्युशनने चिकटवलेला) जोड.

नेमकी जागा सापडवण्याची रीत पंप कुठे आहे त्यावर ठरते. पंप पाण्याच्या पातळीवर असेल, तर तो चालू ठेवून एकेका जोडाला दाढीचा फेस लावा. जिथे फेस आत ओढला जाऊन खळगा पडेल तीच जागा. फेस नसेल तर जोडावर पाण्याची धार धरा. बुडबुडे काही सेकंद थांबले, तर पाण्याने ती फट तेवढ्यापुरती बुजवली असं समजा. पंप तळघरात असेल तर पंप बंद करून सगळे जोड पुसा, प्रत्येकाला वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळा आणि अर्धा तास थांबा. वरच्या पाण्याचा दाब आल्यामुळे, चालताना हवा घेणारा जोड आता पाणी देईल आणि पट्टी ओली होईल.

सापडलेल्या सॉल्व्हेंट जोडावर वरून सोल्युशन फासून काही होत नाही. ते दोन पृष्ठभाग एकजीव करण्यासाठी असतं, भेग भरण्यासाठी नाही. एमसील लावून चार दिवस निभावता येतं, पण पक्कं काम म्हणजे तो तुकडा कापून नवा कपलर घालणं. जोड २४ तास वाळू द्या, मगच पंप चालवा.

पंपातून खडी दळल्यासारखा आवाज येत असेल आणि झाकणाखाली मात्र पाणी पूर्ण भरलेलं असेल, तर ती हवा नाही, कॅव्हिटेशन आहे. ओढ इतकी वाढते की पाण्याचीच वाफ होऊन बुडबुडे बनतात आणि इंपेलरवर (पंपाच्या फिरत्या पंख्यावर) फुटतात. कारण बहुधा बारीक सक्शन पाइप. ताशी १५ घनमीटर पाणी आतून ५० मिलिमीटरच्या पाइपातून नेलं तर वेग सेकंदाला २.१ मीटर होतो. सक्शनला १.८ च्या आत राहायला हवा, बाहेरून ६३ मिलिमीटरच्या (आतून सुमारे ५७) पाइपात तो १.६ च्या आसपास येतो. महाबळेश्वरसारख्या सुमारे १३५० मीटर उंचीवर हवेचाच दाब समुद्रसपाटीपेक्षा जवळपास १५ टक्के कमी असतो, त्यामुळे मुंबईत बिनबोभाट चाललेला आराखडा तिथे कुरकुरतो. तिथे पंप पाण्याच्या जितका जवळ आणि जितका खाली बसवता येईल तितका बसवा.

दुरुस्ती झाल्यावर स्ट्रेनर काठोकाठ पाण्याने भरा, झाकण लावा, व्हॉल्व्ह उघडा आणि फिल्टरच्या डोक्यावरचा एअर व्हॉल्व्ह सैल करून पंप सुरू करा. त्यातून हवेचा फुसकारा थांबून पाण्याची सलग धार आली की तो बंद करा. हे टाळू नका. फिल्टरमध्ये अडकलेली हवा दाबलेल्या स्प्रिंगसारखी असते, ती वाळूचा थर विस्कटते आणि झाकणाचा क्लॅम्प कमजोर असेल तर झाकण उडवू शकते. म्हणून पंप सुरू करताना फिल्टरवर वाकून उभं राहू नका.