वृद्धाश्रमात भेटायला जाल तेव्हा काय बघाल, काय कराल

रविवारी सकाळी अकराला सगळेच वृद्धाश्रम स्वच्छ असतात. खरं चित्र बघायचं तर न कळवता संध्याकाळी ताटं वाढायच्या वेळी जा. मावशी भरवतात की ताट ठेवून निघून जातात, कवळी तोंडात आहे की डबीत, पाण्याचा पेला हाताला लागतो की खिडकीत ठेवलाय, हे तेव्हाच कळतं. भेट फक्त ठरल्या वेळी आणि त्यांच्या माणसासमोरच, असा नियम असेल तर तिथेच सावध व्हा.

मग तेल लावायच्या निमित्ताने अंग बघा. म्हातारपणी कातडी पातळ होते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पलंगाच्या कठड्याला हात घासला तरी मनगटापासून कोपरापर्यंत जांभळे डाग येतात. तेवढ्यावरून कुणाला धरू नका. दंडाच्या आतल्या बाजूला बोटांचे वळ, कानामागे किंवा मांडीच्या आत काळंनिळं, दोन्ही मनगटांवर कड्यासारखी खूण, हे मात्र धरल्या-बांधल्याचं असू शकतं. ‘बाथरूममध्ये पडल्या’ असं सांगितलं तर किती वाजता, कोणी उचललं, हे तिथल्या दोन कर्मचाऱ्यांना वेगवेगळं गाठून विचारा.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं माकडहाड, खुबे आणि टाचा तपासा. लाल जागेवर बोट दाबून उचला. तिथे फिकं न होता लालच राहिलं तर ती बेडसोरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची सुरुवात. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे जागा गरम किंवा टणक लागते का बघा. कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असते, म्हणून रजिस्टर मागा. रात्री 10, 12, 2, 4 च्या नोंदी एका दमात लिहिल्यासारख्या दिसल्या, तर त्या बहुधा सकाळी चहा पिताना भरलेल्या असतात.

गोळ्याही मोजा. रोज एक याप्रमाणे 30 गोळ्या दिल्या असतील तर 12 दिवसांनी 18 उरल्या पाहिजेत. बीपीच्या जास्त उरल्या तर डोस चुकताहेत. झोपेच्या कमी उरल्या आणि माणूस दुपारीही पेंगतोय, तर त्याला गप्प ठेवलं जातंय का, हे डॉक्टरांना विचारा. 50 किलोच्या माणसाचं महिन्यात अडीच किलो वजन उतरलं, तर ‘वयच झालं’ म्हणून सोडू नका. पासबुकही भरून आणा, त्यांच्या नकळत पैसे काढलेत का ते दिसेल.

बोलायचं ते एकांतात. ‘तुम्हाला मारतात का?’ असं विचारलं की ‘छे, छे’ हेच उत्तर येतं. ‘रात्री लघवीला उठायचं झालं तर काय करता?’ असं विचारा. स्मृतिभ्रंश असेल तर अमुक एक जण खोलीत आला की अंग चोरतात का, ते बघा.

संशय पक्का झाला तरी लगेच आरडाओरडा करू नका. तुम्ही घरी जाता, ते रात्री तिथेच असतात. आधी फोटो: एक लांबून, एक जवळून, एक आकार कळावा म्हणून शेजारी नाणं ठेवून. त्यांचे शब्द जसेच्या तसे तारीख-वेळेसह लिहा.

जखम गंभीर असेल किंवा कोंडून ठेवलं असेल तर 112. सरकारी रुग्णालयात ‘एमएलसी करा’, म्हणजे पोलीस केस म्हणून नोंद करा, असं स्पष्ट सांगा. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर तपासणीआधी अंघोळ नको, कपडे धुऊ नका, ते कागदी पिशवीत ठेवा. गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. साक्षीदार म्हणून जबाबासाठी स्त्रीला किंवा 60 वर्षांवरच्या पुरुषाला ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी राहत्या ठिकाणी यायचं.

एवढी घाई नसेल तर व्यवस्थापकाला लेखी तक्रार द्या, प्रतीवर पोच घ्या आणि एक प्रत जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण यांना द्या. 14567 ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन सकाळी 8 ते रात्री 8 चालते.

हलवायचं ठरलं तर दुसरी जागा आधी पक्की करा. फाईल, औषधांच्या चिठ्ठ्या, आधार कार्ड ताब्यात घ्या. डिपॉझिटसाठी अडवलं तर हुज्जत घालत बसू नका, माणूस आधी बाहेर काढा.