गर्भातला बीपीए आणि पिल्लांच्या चरबीतला दाह: प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्यांसाठी

गाभण उंदरीला बीपीए (बिस्फिनॉल ए, प्लास्टिकमधलं इस्ट्रोजेनसारखं वागणारं रसायन) द्यायचं आणि तिच्या पिल्लांच्या चरबीत दाह होतो का ते पाहायचं, असा हा प्रयोग. त्यात नवा आलेला विद्यार्थी आधी चरबीतल्या पेशी कशा वेगळ्या करायच्या ते विचारतो. पण प्रयोग बिघडतो तो त्याच्या कितीतरी आधी, पिंजऱ्यात. 1998 मध्ये पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत पॉलिकार्बोनेटचे पिंजरे चुकून तीव्र द्रावणाने धुतले गेले. त्यातून बीपीए झिरपलं आणि डोस न दिलेल्या माद्यांच्या अंडपेशींतही गुणसूत्रांचे घोटाळे दिसू लागले. म्हणून पिंजरे पॉलिप्रॉपिलीनचे, बाटल्या काचेच्या आणि खाद्य सोयाविरहित ठेवा. सोयातल्या आयसोफ्लॅव्होन या रसायनांचा परिणामही इस्ट्रोजेनसारखा असतो.

सकाळी मादीच्या योनीत प्लग (समागमानंतर घट्ट झालेला स्राव) दिसला की गर्भावस्थेचा 0.5 दिवस धरतात. शेवटच्या आठवड्यात मादीचं वजन भराभर वाढतं. रोज वजन करूनच डोस ठरवा. बीपीए तेलात मिसळून देत असाल, तर नियंत्रण गटाला तेवढंच तेल, बीपीएशिवाय.

आता सर्वांत महागात पडणारी चूक. एका वेतातली आठ पिल्लं म्हणजे आठ नमुने नव्हेत. डोस आईला दिलाय, त्यामुळे गटातल्या आया मोजायच्या. प्रत्येक वेतातून एक नर आणि एक मादी घ्या आणि दोघांचं विश्लेषण वेगळं करा. जास्त पिल्लं घ्यायचीच असतील, तर सांख्यिकी मॉडेलमध्ये आई हा घटक हवाच. लहान वेतातल्या पिल्लांना दूध जास्त मिळतं, ती तशीही लठ्ठ होतात. म्हणून जन्मानंतर तीन-चार दिवसांत सगळे वेत सारख्या संख्येचे करून घ्या.

जांघेतल्या चरबीतली लसीकागाठ आधी काढून टाका, नाहीतर तिच्यातल्या लिम्फोसाइट (रोगप्रतिकारक पेशी) तुम्ही दाह म्हणून मोजाल. चरबी बारीक चिरून साधारण 1 मिलिग्रॅम प्रति मिली कोलॅजिनेजमध्ये (ऊती विरघळवून पेशी सुट्या करणारं एन्झाइम) 37 अंश सेल्सिअसवर अर्धा-पाऊण तास हलवत ठेवा. या एन्झाइमला कॅल्शियम लागतं, तेव्हा कॅल्शियम बांधून ठेवणारं ईडीटीए पचन झाल्यावरच घाला. मग 100 मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा आणि सेंट्रिफ्यूजमध्ये 500 g (गुरुत्वाकर्षणाच्या 500 पट) बलावर 10 मिनिटं फिरवा. वर तरंगणारा चरबीपेशींचा थर आधी ओढून घ्या, एकदम ओतू नका. दाह मोजायला लागणाऱ्या मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी तळाच्या गोळीत असतात.

अर्थ लावताना घाई नको. डोसवाली पिल्लं जास्त लठ्ठ असतील, तर दिसलेला दाह लठ्ठपणाचाही असू शकतो. वजनं वेगळी होण्याआधीच्या वयाचे नमुने घ्या किंवा सारख्या वजनाची पिल्लं ताडून पाहा. साध्या खाद्यावर फरक दिसला नाही, तर मोठेपणी चरबीयुक्त खाद्य देऊन पुन्हा तपासा, पण तसा गट सुरुवातीलाच आराखड्यात आणि प्राणी-नैतिकता समितीच्या अर्जात असायला हवा.