मुबोरकशोची गाणी ऐकायचीत? मग सुरुवात इथून करा

ताजिकिस्तानचा गायक मुबोरकशो मिर्झोशोएव, लोक प्रेमानं मीशा म्हणायचे. जन्म १९६१ चा अन् २००० साली टीबीनं गेला, वयाची चाळिशी पण बघितली नाही बिचाऱ्यानं. आपल्या मराठवाड्यात ज्याला भजनाची गोडी आहे त्यानं तर हा माणूस ऐकलाच पाहिजे, लई मनापासून सांगायलोय.

आधी शोधायचं कसं ते बघा. इंग्रजीत नाव टाकलं की प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं, अर्धी गाणी निघतच नाहीत. त्यापेक्षा विकिपीडियावरून त्याचं नाव सिरिलिक, म्हणजे रशियनसारख्या लिपीत कॉपी करा अन् यूट्यूबला पेस्ट करा, ताजिक लोक त्याच लिपीत लिहितात. फारसी लिपीतलं नाव पण टाकून बघा कारण अफगाणिस्तान, इराणकडं पण त्याला मानणारे खूप आहेत. डीजे रिमिक्स दिसले तर सध्या सोडून द्या.

आता खरं काम. त्याच्या गाण्याला डायरेक्ट हात घालू नका, आधी तिकडच्या पामीर डोंगराळ भागातलं मद्दोह, म्हणजे भक्तीचं गाणं, ऐका. मुबोरकशो रुशानचा, म्हणजे ताजिकिस्तानातल्या बदख्शानचा, पंज नदीच्या काठचा मुलूख, नदीपलीकडं लगेच अफगाणिस्तान. तिथले लोक इस्माइली, म्हणजे शिया मुसलमानांचा एक पंथ, अन् त्यांच्यात रबाब हे तंतुवाद्य घेऊन रूमी, नासिर खुसरो या जुन्या फारसी कवींची भक्तीची पदं म्हणतात, कुणी वारलं तर त्या घरी रात्र रात्र चालतं. आपल्याकडं एकादशीला मंडळी बसती अन् एकानं अभंग उचलला की बाकीचे मागून धरतात ना, तसंच वातावरण. रबाब नीट ऐका, लाकूड कोरून केलेला, तोंडावर कातडं ताणलेलं, त्यामुळं प्रत्येक सुराबरोबर खाली एक ठोका पण वाजतो. हा ठोका एकदा कानात बसला की मग मुबोरकशो लावा. गिटार असू दे, कीबोर्ड असू दे, त्याच्या खाली तोच ठोका चालू असतो अन् तेच त्याचं मोठेपण आहे, गावातलं गाणं नव्या पोरांच्या तोंडी बसवलं अन् तरी मोडलं नाही.

पहिलं गाणं वसंतातल्या पावसाचं लावा, थेंबांच्या टपटपीवरचं, त्याच्या आवाजात ते देशाबाहेर पण पोचलंय, कितीतरी जणांनी परत गायलंय. पावसाची वाट बघणं आपल्याला काय नवीन नाही, त्यामुळं शब्द कळले नाही तरी पोचतं. शक्यतो हेडफोन लावा, काही रेकॉर्डिंग जुनी आहेत, आवाज खरखरतो. अन् ऐकताना एवढं ध्यानात असू द्या की १९९२ ते १९९७ त्या देशात यादवी चालू होती, बदख्शानकडं धान्य पोचणं मुश्किल झालं होतं, लोक मदतीच्या पिठावर जगायलेते, अन् हा त्याच काळात गात होता.

हे सगळं आवडलं तर पुढं ताजिक गायक-संगीतकार दलेर नझारोव ऐका, १९९९ च्या 'लूना पापा' सिनेमाचं संगीत त्याचंच. अन् दक्षिण ताजिकिस्तानातल्या कुलोबकडचं फलक, म्हणजे डोंगराळ भागातलं लोकगाणं पण, ते २०२१ ला युनेस्कोच्या यादीत आलंय, पण ते एकट्यानं, रात्री, सावकाश ऐकायचं.