राइट ‘यशस्वी’, पण डिस्क उघडत नाही? या चुका टाळा

सीडी किंवा डीव्हीडीवर फाइल लिहायला घेतल्या की पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत सरकते, ट्रे आपोआप बाहेर येतो, पडद्यावर ‘यशस्वी’ झळकतं. तीच डिस्क पुन्हा आत ढकलली की ड्राइव्ह घरघरतो, थांबतो, पुन्हा घरघरतो आणि शेवटी संगणक साळसूदपणे सांगतो, ‘ड्राइव्हमध्ये डिस्क टाका’. अशा दोन-तीन डिस्क वाया गेल्या की बहुतेक जण ठरवून टाकतात, राइटर (डिस्क लिहिणारा ड्राइव्ह) गेला. मीही एकदा असाच धडधाकट राइटर काढून टाकला होता. नव्या राइटरनेही त्याच गठ्ठ्यातल्या डिस्क तशाच बिघडवल्या, तेव्हा कुठे दोष कोऱ्या डिस्कमध्ये आहे हे कळलं.

‘यशस्वी’वर विसंबू नका

या शब्दाचा अर्थ एवढाच, की संगणकाने सगळा डेटा राइटरकडे पाठवला आणि राइटरने वाटेत तक्रार केली नाही. लिहिलेलं नीट वाचता येतं का, हे त्यात कुणी बघितलेलंच नसतं. त्यासाठी राइट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘व्हेरिफाय’ नावाची वेगळी खूण असते. तिच्यामुळे वेळ जवळजवळ दुप्पट लागतो, म्हणून लोक ती काढून टाकतात. मी एकदा जुने फोटो सहा डीव्हीडींवर उतरवून मूळ फोल्डर पुसून टाकला होता, व्हेरिफाय न करता. त्यातली चौथी डीव्हीडी आजतागायत उघडलेली नाही.

आधी डिस्क उलटी करून बघा

राइट झालेल्या भागाची छटा कोऱ्या भागापेक्षा वेगळी दिसते. उजेडात तिरकी धरली की मधल्या भोकाजवळून सुरू होणारं वर्तुळ आणि त्याची कड स्पष्ट दिसते. एवढ्यावरून अर्धं निदान होतं.

छटा अजिबात बदललेली नसेल, तर लेझरने काही लिहिलेलंच नाही. अशा वेळी सॉफ्टवेअरमध्ये ‘सिम्युलेशन’ किंवा ‘टेस्ट राइट’ची खूण चुकून राहिली नाही ना, ते पाहा. त्यात सगळं नाटक होतं, फक्त लेझर पूर्ण ताकदीने पेटत नाही. (डीव्हीडी प्लस आर प्रकारात ही सोयच नाही, त्यामुळे तिथे हा संशय घेऊ नका.)

वर्तुळ दिसतंय पण संगणक डिस्क कोरी म्हणतोय, तर बहुधा सेशन, म्हणजे त्या वेळचं लिखाण, बंद झालेलं नाही. डिस्कवर कुठे काय आहे याची यादी शेवटी लिहिली जाते. ती लिहिण्याआधी डिस्क बाहेर काढली किंवा वीज गेली, तर डेटा असूनही सापडत नाही. अशी डिस्क लगेच फेकू नका. ज्या राइटरमध्ये ती लिहिली त्याच राइटरमध्ये टाकून सॉफ्टवेअरमधला ‘क्लोज डिस्क’ किंवा ‘फायनलाइझ’ हा पर्याय चालवून पाहा. बऱ्याचदा ती जिवंत होते.

फोल्डर दिसतात, पण फाइल कॉपी करताना मध्येच अडकतं, आणि अडकणाऱ्या फाइल बहुतेक शेवटच्या असतात? लिखाण आतून बाहेर जातं, म्हणजे शेवटच्या फाइल बाहेरच्या कडेला असतात. इथे संशय वेगावर आणि कोऱ्या डिस्कवर घ्यायचा.

आणि डिस्क उघडली की आत फक्त एकच भली मोठी आयएसओ फाइल दिसत असेल, तर बिघाड कसलाच नाही. आयएसओ ही अख्ख्या डिस्कची प्रतिमा असते. ती साध्या फाइलसारखी ओढून टाकली तर डिस्कवर फक्त एक डबा जातो, तो उघडला जात नाही. अशा डिस्कवरून संगणक सुरू होणार नाहीच. विंडोज ७पासून आयएसओ फाइलवर राइट-क्लिक केलं की ‘बर्न डिस्क इमेज’ मिळतं, तेच वापरा.

कोरी डिस्क आणि वेग

सगळ्यात जास्त डिस्क इथे वाया जातात, आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच दिलं जातं.

कारखान्यात छापलेल्या डिस्कवर खरे खड्डे असतात. कोऱ्या डिस्कवर त्याऐवजी रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो. लेझर तो जागोजागी तापवतो आणि त्या खुणा वाचणाऱ्या लेझरला खड्ड्यांसारख्या दिसतात. कुठल्या रंगद्रव्याला किती वेळ, किती आच द्यायची याची कृती प्रत्येकाची वेगळी. म्हणून कोऱ्या डिस्कवर कंपनीनेच एक सांकेतिक ओळख कोरून ठेवलेली असते. राइटर ती वाचतो, आपल्या फर्मवेअरमधल्या (ड्राइव्हच्या आतल्या सॉफ्टवेअरमधल्या) यादीत शोधतो आणि त्याप्रमाणे लिहितो. ओळख यादीत नसेल, तर सरधोपट कृती वापरतो. त्यामुळे एका राइटरमध्ये उत्तम चालणारा गठ्ठा दुसऱ्यात नापास होतो. वरचं छापील नाव एकच असूनही आतली डिस्क भलत्याच कारखान्याची असू शकते, म्हणून ‘मागच्या वेळी याच कंपनीच्या चांगल्या निघाल्या होत्या’ या युक्तिवादात फारसा दम नाही.

लिहायला सुरुवात करण्याआधी राइटर आतल्या कडेजवळच्या राखीव जागेत थोडी चाचणी करून लेझरची ताकद ठरवतो. ती जुळलीच नाही तर ‘पॉवर कॅलिब्रेशन एरर’ येतो. नाव विजेचं वाटतं, म्हणून लोक वायरी तपासत बसतात. इथली ‘पॉवर’ लेझरची आहे. आधी दुसऱ्या कंपनीची कोरी डिस्क, मग लेन्सवरची धूळ, आणि त्यानंतरच लेझर म्हातारा झाल्याची शंका.

आता वेग. १६एक्सची डीव्हीडी १६एक्सने लिहिताना बाहेरच्या कडेला पोचेपर्यंत मिनिटाला साधारण ९,००० ते १०,००० फेरे घेत असते. किंचित वाकडी किंवा असमतोल डिस्क तेव्हा थरथरते आणि खुणा जागच्या जागी पडत नाहीत. निम्म्या वेगाने, म्हणजे ८एक्सने लिहिलं तर दोन-तीन मिनिटं जास्त जातात, बस्स. सीडीसाठी १६ ते २४एक्स पुरे. या दोन ‘एक्स’ची मात्र गल्लत करू नका. सीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला १५० केबी, डीव्हीडीचा जवळपास १,३८५ केबी. ८एक्सची डीव्हीडी ५२एक्सच्या सीडीपेक्षा जास्त वेगाने डेटा लिहीत असते.

पण ‘जितकं हळू तितकं चांगलं’ हा जुना सल्लाही आता जसाच्या तसा घेऊ नका. वेगवान लिखाणासाठी बनवलेलं रंगद्रव्य अगदी मंद वेगाला कधीकधी जास्त वाईट वागतं, आणि बरेच राइटर तेवढा मंद पर्याय देतच नाहीत. मधला वेग घ्या.

‘सीडी चालते, म्हणजे ड्राइव्ह ठीक आहे’

हा निष्कर्ष घाईचा. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो, डीव्हीडीसाठी ६५०चा आणि ब्लू-रेसाठी ४०५चा. एकाच ड्राइव्हमधला एक लेझर थकतो आणि दुसरा ठणठणीत असतो. म्हणून तपासताना ज्या प्रकारची डिस्क बिघडते त्याच प्रकारची, कारखान्यात छापलेली डिस्क टाकून बघा. छापील डीव्हीडीही वाचत नसेल, तर संशय ड्राइव्हवर जातो.

लेन्सवर धूळ असेल तर बारीक ब्रश असलेली क्लीनिंग डिस्क बहुधा पुरते. लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये ट्रे ओढला की लेन्स समोरच दिसते, तिथे हवेचा रबरी फुगा वापरा. बोट लावू नका, आणि झाकण काढलेला ड्राइव्ह चालू करून आत डोकावू नका. लिहिणारा लेझर डोळ्यांसाठी धोक्याचा असतो.

यूएसबीने जोडायचा पातळ राइटर असेल, तर आणखी एक गोष्ट. वाचायला त्याला वीज पुरते, पण लिहिताना मोटर आणि लेझर दोन्ही जोर मागतात. यूएसबी २.० पोर्टची ठरलेली मर्यादा ५०० मिलिअँपिअर आहे आणि अनेक राइटर त्याहून जास्त ओढतात. हबमधून किंवा लांब वायरीतून जोडलेला राइटर मध्येच अडखळतो तो यामुळे. थेट संगणकाच्या पोर्टला लावा. दोन टोकांची वायर सोबत आली असेल, तर दोन्ही टोकं लावा.

माझ्याकडे चालते, त्याच्याकडे नाही

विंडोज डिस्क टाकल्यावर दोन पर्याय विचारतं: ‘यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी’ आणि ‘सीडी/डीव्हीडी प्लेअरसाठी’. पहिला सोयीचा, पण ती डिस्क जुन्या संगणकांवर आणि प्लेअरवर उघडेलच असं नाही. दुसऱ्याला द्यायची डिस्क नेहमी दुसऱ्या पर्यायाने करा.

पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्क जुन्या यंत्रांना झेपत नाहीत, कारण त्या प्रकाश फार कमी परतवतात. छापील सीडी ७० टक्क्यांच्या आसपास, सीडी आरडब्ल्यू जेमतेम १५ ते २५. आणि एमपी४ फाइल डीव्हीडीवर कॉपी केली म्हणून ती टीव्हीजवळच्या प्लेअरमध्ये चालणारी व्हिडिओ डीव्हीडी होत नाही. त्यासाठी व्हिडिओ एमपेग-२ मध्ये बदलून ठरावीक फोल्डररचना करणारं सॉफ्टवेअर लागतं.

मापाचीही एक फसगत आहे. ४.७ जीबी हा आकडा दशमान हिशेबातला आहे, विंडोजच्या मोजणीत ती जागा ४.३८ जीबी भरते. शिवाय ४ जीबीहून मोठी एकच फाइल असेल तर आयएसओ ९६६० रचनेत ती बसवताना घोळ होतो. सॉफ्टवेअरमध्ये यूडीएफ ही दुसरी रचना निवडा.

वरची बाजू जपा

सगळे खालची चकचकीत बाजू सांभाळतात. सीडीमध्ये डेटाचा थर वरच्या, नाव लिहायच्या बाजूला असतो, वर फक्त लाखेचा पातळ लेप. बॉलपेनने दाबून लिहिलं की थर जातो, आणि तो पुसून किंवा घासून परत येत नाही. खालचा ओरखडा निदान पॉलिश तरी करता येतो. डीव्हीडीत थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती थोडी सुरक्षित. चिकटवायचे कागदी लेबल मात्र दोघींनाही नकोत, जरा वाकडं बसलं की फिरताना तोल जातो. पाण्याच्या शाईचा, मऊ टोकाचा मार्कर घ्या आणि जमल्यास मधल्या पारदर्शक भागावरच लिहा. पुसायची झाली तर मध्यातून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही.

बाकीचे सगळे प्रोग्रॅम बंद करून, माउसलाही हात न लावता बसायचा सल्ला अजून दिला जातो. तो डेटाचा पुरवठा क्षणभर तुटला तरी डिस्क वाया जायची त्या काळातला आहे. २००० सालच्या सुमाराला राइटरमध्ये त्यावर संरक्षण आलं. आता फक्त फाइल नेटवर्कवर किंवा मंद पेनड्राइव्हवर असतील, तर आधी संगणकाच्या डिस्कवर घ्या.

एका वेळी एकच गोष्ट बदलत चला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळतच नाही. मी आधी कोऱ्या डिस्कची कंपनी बदलतो, मग वेग, मग पोर्ट किंवा वायर. फर्मवेअरला हात सगळ्यात शेवटी, कारण ते अर्धवट राहिलं तर चालू ड्राइव्हही बंद पडतो. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या डिस्क, मधला वेग, थेट पोर्ट, स्वच्छ लेन्स, आणि तरीही व्हेरिफाय नापास होत असेल, तर तोच राइटर दुसऱ्या संगणकाला जोडून एक डिस्क लिहा. तीही बिघडली, की नवा राइटर घ्या.