कॅलरी टार्गेट आणि चालणं: एकच व्यायाम दोनदा मोजू नका

मी गेल्या वर्षी ऑफिस सुटल्यावर पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर आठवड्यातून पाच दिवस पाऊण तास चालायचो, अ‍ॅपमध्ये सगळं खाणं लिहायचो, आणि तरी महिन्याभरात वजन किलोभर वाढलं. बायको म्हणाली काटा बिघडलाय. काटा ठीक होता, गणित चुकलं होतं, आणि ही चूक खूप जण करतात म्हणून लिहितोय.

आधी शरीर नुसतं पडून राहिलं तरी दिवसाला किती कॅलरी जाळतं ते काढा. मिफ्लिन-सेंट जिओरचं सूत्र १९९० चं आहे पण अजून तेच बरं चालतं. वजन किलोत गुणिले १०, अधिक उंची सेंटीमीटरमध्ये गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, मग पुरुष असाल तर ५ मिळवा, बाई असाल तर १६१ वजा करा. माझं वजन ८४, उंची १६८, वय ४४, म्हणजे १६७५ आलं. दिवसभर खुर्चीत बसायचं काम असेल तर याला १.२ ने गुणायचं, माझे झाले २०१०. एवढं खाल्लं तर वजन आहे तिथेच राहणार.

आता गंमत बघा. अ‍ॅपने विचारलं किती ॲक्टिव्ह आहात, मी छाती फुगवून "मध्यम" निवडलं कारण पाच दिवस चालतो ना! त्याने १.५५ ने गुणून २५९६ काढले, ४०० कमी करून २१९६ चं टार्गेट दिलं. या १.५५ मध्ये चालणं आधीच धरलेलं असतं, पण मी चालून आलो की हातातलं फिटनेसचं घड्याळ वर ३१० दाखवायचं आणि मी तेही खायचो. एकूण २५०० च्या वर. खरा खर्च किती? माझ्या वजनाला पाऊण तास भरभर चालण्याचे साधारण २२० होतात, त्यातले ६० तर बसून राहिलो असतो तरी गेलेच असते, म्हणजे चालण्याचे वरचे १६० च. २०१० अधिक १६०, झाले २१७०. रोज तीनेकशे जास्त खात होतो, वजन वाढणारच होतं.

म्हणून दोनातलं एकच करा. एकतर व्यायाम धरून गुणाकार करा आणि घड्याळाकडे बघूच नका, नाहीतर १.२ धरा आणि घड्याळ दाखवेल त्याच्या फार तर निम्मे खा. मी दुसरं करतो, २०१० मधून साधारण ४०० कमी करून १६०० धरले. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी, त्यामुळे आठवड्याला कागदावर साडेतीनशे-चारशे ग्रॅम उतरतं. यापेक्षा घाई नको, बायकांनी १२०० च्या आणि पुरुषांनी १५०० च्या खाली डॉक्टरला न विचारता जाऊच नये, आणि डायबेटिसची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर सुरू करायच्या आधीच विचारा.

खाणं मोजताना आपल्याकडे भात-मासळीने कोणी मरत नाही, तेल आणि खोबरं फसवतं. बांगडे रवा फ्राय करायच्या आधी तेलाची बाटली किचनच्या काट्यावर ठेवा, तळून उरलेलं तेल परत ओतून पुन्हा ठेवा. आमच्याकडे चार बांगड्यांना ३५ ग्रॅम कमी भरलं, ग्रॅमला ९ प्रमाणे ३१५ कॅलरी, मासे धरलेच नाहीत अजून. ओल्या खोबऱ्याचे १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास, तेव्हा हुमणाला (माशांच्या आमटीला) किती नारळ पडतो ते स्वयंपाक करणाऱ्याला विचारा (भांडण न करता). पोदेराचा (पाववाल्याचा) उंडा, म्हणजे गोल पाव, मी मोजला तर ५२ ग्रॅम भरला, साधारण १४० कॅलरी. उर्राकचा (काजूच्या दारूचा) सीझन आला की अल्कोहोलच्या ग्रॅमला ७ आणि वर लिमका, तेही लिहायचं.

रोज सकाळी वजन करा पण आठवड्याची सरासरीच बघा, आदल्या रात्री सुकी मासळी खाल्ली की मिठामुळे पाणी धरतं आणि काटा उगाच किलोभर वर जातो. आठवड्यातून दोन दिवस वजनं उचला किंवा घरीच उठाबशा, जोर काढा, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात.

चार-पाच किलो उतरले की गणित नव्याने करायचं. मी ७९ वर आलो तेव्हा २०१० चे १९५० झाले. साठ कॅलरी गेल्या, म्हणजे जवळजवळ अर्धा उंडा.