फुलब्राइट टीईएचा अर्ज भरताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या फुलब्राइट टीईए या शिक्षकांच्या कार्यक्रमाची जाहिरात निघाली की ओळखीच्या आणि अनोळखी शिक्षकांचे निबंध माझ्याकडे वाचायला येऊ लागतात. मी ते आनंदाने वाचते, कारण आपल्या माध्यमिक शाळांतून जास्तीत जास्त शिक्षकांनी हा अनुभव घ्यावा असं मला मनापासून वाटतं. पण त्याच त्या चुकांपायी चांगले शिक्षक मागे पडताना पाहिलं की जीव तुटतो. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

आधी थोडक्यात ओळख. फुलब्राइट टीचिंग एक्सलन्स अँड अचीव्हमेंट, म्हणजे टीईए, हा माध्यमिक शिक्षकांसाठीचा सहा आठवड्यांचा कार्यक्रम आहे. वेगवेगळ्या देशांतले शिक्षक अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठात एकत्र राहतात, अध्यापनपद्धतींवर काम करतात आणि जवळच्या शाळेत तिथल्या शिक्षकाबरोबर किमान चाळीस तास प्रत्यक्ष वर्गात असतात. पैसा अमेरिकी परराष्ट्र खात्याचा, अमेरिकेतली व्यवस्था आयरेक्स या संस्थेची. भारतातले अर्ज यूएसआयईएफकडे जातात, म्हणजे १९५० साली स्थापन झालेल्या युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशनकडे. एक सत्राचा, संशोधनाकडे झुकणारा फुलब्राइट डिस्टिंग्विश्ड अवॉर्ड्स हा वेगळा कार्यक्रम. दोन्हींचे अर्ज वेगळे, अपेक्षाही वेगळ्या. एकाचा निबंध दुसऱ्याला चिकटवू नका.

निबंधात स्वतःचा वर्गच नसणे

माझ्या लेखी ही सगळ्यात मोठी चूक. दहातले आठ निबंध गुरुमहिम्याने सुरू होतात, मग राधाकृष्णन येतात, मग तालुकास्तरीय आदर्श शिक्षक पुरस्कार, जिल्हास्तरीय पुरस्कार, विज्ञान प्रदर्शनातला क्रमांक, तंबाखूमुक्त शाळा, वृक्षारोपण. दोन पानं संपतात, पण हे शिक्षक वर्गात उभं राहून नेमकं काय करतात ते वाचणाऱ्याला कळत नाही.

बीड जिल्ह्यातल्या एका विज्ञानाच्या मॅडमनी असाच निबंध पाठवला होता. मी फोन केला आणि एवढंच विचारलं, "मॅडम, काल वर्गात काय शिकवलंत?" त्या म्हणाल्या, "प्रकाशाचं अपवर्तन." आणि मग बोलतच राहिल्या. त्यांच्या वर्गातली बरीच मुलं दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, ती थेट उन्हाळ्यात परततात. या मॅडम जाणाऱ्या प्रत्येक मुलाला आधीच एक वही करून देतात. प्रत्येक धड्यासाठी एक पान, आणि त्या पानावर कोपीच्या, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीच्या, आसपास जे मिळेल त्यातून करायचा एक प्रयोग. अपवर्तनासाठी लिहिलं होतं, "पाण्याच्या टाकीत उसाचं टिपरू तिरकं बुडव. कुठे वाकल्यासारखं दिसतं ते काढून आण." आठवड्यातून एकदा मजुरांच्या टोळीच्या मुकादमाच्या फोनवरून मुलांचा आवाज रेकॉर्ड होऊन येतो. मॅडम तो ऐकून उत्तर पाठवतात.

मी विचारलं, "हे निबंधात कुठे आहे?" त्या म्हणाल्या, "त्यात काय विशेष, ते तर आम्ही करतोच."

मुदतीला एकच रात्र उरली होती. त्यांनी जुनाच निबंध पाठवला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं नाही. पुढच्या वर्षी निबंध त्या वहीपासून सुरू झाला. इंग्रजी साधं, वाक्यं छोटी. बोलावणं आलं.

तेव्हापासून निबंध वाचायच्या आधी मी प्रत्येकाला सांगते: गेल्या आठवड्यातला एक तास निवडा. कोणती इयत्ता, कोणता धडा, कुठलं मूल अडलं, तुम्ही काय केलंत, ते जमलं की फसलं. हे आधी मराठीत लिहा, हाताने. ते वाचताना तुमच्याच शाळेतले सहकारी "हो, ही आपलीच नववी ब" म्हणाले, तर मगच इंग्रजी करायला घ्या. पुरस्कारांना अर्जात वेगळी जागा असते, तिथे ते लिहा.

निवड झालेल्याचा निबंध मागून घेणे

गेल्या वर्षी निवड झालेल्यांचा निबंध ग्रुपवर फिरतो आणि लोक त्यात नावगाव बदलून पाठवतात. एका हंगामात माझ्याकडे दोन वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आलेल्या निबंधांत पहिला परिच्छेद शब्दशः सारखा होता. त्यातला एक अर्ज धाराशिवकडचा. त्यात लिहिलं होतं की मुसळधार पावसात ओढे ओलांडून मुलं शाळेत येतात. त्या गावाला टँकरने पाणी येतं, हे मला माहीत होतं.

संगणकाकडून निबंध लिहून घेणं ही याचीच नवी आवृत्ती. व्याकरण तपासायला जरूर वापरा. पण मुलाखतीत "तुम्ही लिहिलेल्या या उपक्रमाबद्दल सांगा" असं विचारलं की निबंध स्वतः न लिहिलेला माणूस दुसऱ्या वाक्याला अडखळतो. ज्यांना चार संध्याकाळी स्वतःच्या कामाबद्दल लिहायला बसवत नाही, त्यांनी यंदा अर्ज करू नये. पुढच्या वर्षी करावा.

रजा आणि परवानगी शेवटाला ठेवणे

अनुदानित शाळेतल्या शिक्षकाची वाट मुख्याध्यापक, संस्था आणि शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्या टेबलांवरून जाते. अर्जाबरोबरच शाळेच्या पाठिंब्याचं पत्र लागतं. ते मिळालं म्हणजे रजा मिळाली असं अनेकांना वाटतं. तसं नसतं.

विदर्भातल्या एका इंग्रजीच्या सरांची निवड झाली. गावाला आनंद झाला, स्थानिक वर्तमानपत्रात फोटोसह बातमी आली. संस्थेच्या सचिवांना ही गोष्ट त्या बातमीतूनच कळली. मुख्याध्यापकांनी सही दिली होती, पण संस्थेला कुणी काही सांगितलंच नव्हतं. सचिव दुखावले, रजेचा ठराव पुढच्या बैठकीवर गेला, ती बैठक लांबली. त्यातच सरांची टीईएची तुकडी जानेवारीनंतरची, म्हणजे दहावीच्या ऐन तोंडावरची. "बोर्डाच्या वर्गाला वाऱ्यावर सोडून चालले" अशी पालकांत कुजबुज सुरू झाली. कागद पूर्ण होईपर्यंत वेळ निघून गेली आणि ती जागा पर्यायी यादीतल्या शिक्षकाला मिळाली. सर अतिशय गुणी आहेत. त्या संस्थेतला दुसरा कुणी आता अर्ज करायला धजत नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

हा प्रश्न नावाजलेल्या माणसालाही चुकत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालेलं होतं. तरी जानेवारी २०२२ मध्ये फुलब्राइटसाठीच्या त्यांच्या रजेचा विषय वर्तमानपत्रांत गाजला आणि शिक्षणमंत्र्यांना लक्ष घालावं लागलं.

माझी पद्धत अशी. अर्ज भरायच्या आधी मुख्याध्यापकांना घेऊन संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना समक्ष भेटायचं. निवड झालेली नसतानाच सांगायचं, "झाली तर इतके आठवडे जावं लागेल." रजेच्या अर्जाला तासिकांचं वाटप जोडायचं: कोणता तास कोण घेणार, त्या सहकाऱ्याच्या सहीसह. दहावी असेल तर जाण्याआधी किती अभ्यासक्रम संपवणार तेही लिहायचं. प्रत्येक पत्राची आवक क्रमांकासह पोच घ्यायची आणि सगळं एका फाइलला लावायचं. "तोंडी झालंय बोलणं" यावर विसंबून कुणीही तिकिटापर्यंत पोहोचू नये. पेढे ठराव हातात आल्यावर वाटा.

विनिमय आणि नोकरी यांत गल्लत

अमेरिकेच्या जे-१ या विनिमय व्हिसावर तिथल्या शाळेत पूर्णवेळ पगारी शिक्षक म्हणून काही वर्षं काम करण्याचा मार्गही आहे. तो वेगळा. त्यात मध्यस्थ कंपन्या असतात आणि काही जण त्यासाठी भरमसाठ पैसे उकळतात. टीईएमध्ये विमानभाडं, राहणं, जेवणखर्च, आरोग्यविमा हे सगळं कार्यक्रमातूनच मिळतं. "फुलब्राइटची निवड करून देतो, एवढे भरा" असं म्हणणारा माणूस फसवतोय, यात शंका घेऊ नका.

टीईएच्या व्हिसाला मायदेशी दोन वर्षं राहण्याची अट असते. ती पूर्ण होईपर्यंत तिथला नोकरीचा एच-१बी व्हिसा किंवा कायमचा रहिवास मिळत नाही. कुटुंबाला सोबत नेता येत नाही. हे अर्ज करतानाच घरी सांगा, व्हिसा आल्यावर नको.

तिथल्या वर्गात फोटो काढत सुटणे

यावर कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. आपल्याला सवय काय लागलीय? उपक्रम केला की फोटो, फोटो काढला की अपलोड, अहवालाला चार फोटो जोडा. मुलांचे चेहरे आपण दिवसभर इकडून तिकडे पाठवतो. तीच सवय घेऊन एक शिक्षक तिकडच्या शाळेत गेले. पहिल्याच दिवशी मुलांबरोबर सेल्फी, संध्याकाळी फेसबुकवर, मुलांच्या टेबलावरच्या नावाच्या पाट्यांसकट. कुण्या पालकाने ते पाहिलं. जाब द्यावा लागला तो तिथल्या यजमान शिक्षिकेला. आपल्या सरांचं पुढचे काही दिवस वर्गात जाणं थांबलं आणि चाळीस तासांतले मोलाचे तास असेच गेले.

तिथल्या शाळांत मुलाचा फोटो वापरायला सहसा पालकांची लेखी संमती लागते, आणि ही काळजी रास्तच आहे. आपल्या मुलींच्या बाबतीत आपणही ती घ्यायला हवी. मी तिथे फोन दप्तरात ठेवायचे आणि वही काढायचे. फळ्यावरची मांडणी, बाकांची रचना, शिक्षिकेने विचारलेले प्रश्न जसेच्या तसे लिहून घ्यायचे. त्या वहीतलं आजही वर्गात कामाला येतं.

त्याच वर्गात मागच्या बाकावर पाहुण्यासारखं बसून राहणं ही दुसरी चूक. यजमान शिक्षिकेला पहिल्या दिवशीच विचारा, "मी कोणता गट घेऊ?" आणि आपल्याकडून शिकवायला ताजमहालाची चित्रफीत नेऊ नका. आपल्या आठवीला जमलेला एक तास न्या. त्यांना आपल्याकडून शिकायचं असतं, म्हणून तर याला विनिमय म्हणतात.

छोट्या, पण महागात पडणाऱ्या

पासपोर्टवरचं नाव, पदवीवरचं नाव आणि सेवापुस्तिकेतलं नाव वेगवेगळं असणं. लग्नानंतर नाव बदललेल्या मॅडमना हे फार भोवतं. राजपत्रातली नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा. अर्जात पासपोर्टप्रमाणेच नाव लिहा, अक्षरन् अक्षर.

निकष गेल्या वर्षीच्या फॉरवर्डवरून वाचणं. कार्यक्रमाचे विषय, अनुभवाची अट, मुदत, सगळं यंदाच्या जाहिरातीतच पाहा.

शिफारसपत्र आमदारांकडून घेणं. तुमचा तास प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाकडून घ्या.

टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेच्या भीतीने अर्जच न करणं. मराठी माध्यमातून शिकलेले, मराठी माध्यमात शिकवणारे शिक्षक जाऊन आलेले आहेत. रोज अर्धा तास इंग्रजीत मोठ्याने स्वतःचा धडा समजावून सांगा. मी घरात भिंतीला सांगायचे.

परत आल्यावर "तिकडे वर्गात वीसच मुलं असतात" हे स्टाफरूममध्ये दहा वेळा सांगणं. आपल्याकडे साठ आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. एकच पद्धत निवडा, एकाच तुकडीवर महिनाभर करून बघा, आणि तुमच्या गैरहजेरीत ज्यांनी तुमचे तास घेतले त्या सहकाऱ्याला सगळ्यात आधी वर्गात बोलावून दाखवा.